बरणीतल्या अकरा जणी

दि. २ मार्च

चि. खळ्यास,
अ. उ. आ.

पत्र आमच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तुझ्या भावोजींच्याच हाती देत आहे. परवा त्यांची बस तुमच्याकडून उलटी फिरेल तेव्हा उत्तर तयार ठेव. फोन करू नकोस. माझा एक कान गेलाच आहे, दुसरा त्याच्या मागोमाग निघालाय. फोनवर नुसतं हॅलो हॅलो होतं आणि दोघांचाही घसा बसतो.

पत्रास कारण, परसातलं डबकं. यंदा आणखी दोन शाळांचे गणवेश शिवायला घेतलेत. घरात पाऊल टाकायला जागा उरलेली नाही. आमचे ड्रायव्हर गेले पंधरा दिवस निळ्या कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून जेवताहेत. तेव्हा डबकं बुजवायचं आणि तिथे शिवणाची शेड घालायची, असं मी ठरवलंय. बाबांनी जागा दोघांच्या नावावर ठेवली, म्हणून तुझी संमती लागते. मजकूर मीच लिहून सोबत जोडलाय. तू खाली फक्त सही कर, वर शहाणपण लिहू नकोस. मातीचे ट्रक पंधरा तारखेला सांगितले आहेत.

तू आता म्हणशील की ताई, ते डबकं नाही, तळं आहे. असेल बाबा. पण त्या तळ्यात आहे काय? डास, शेवाळ, कान गेलेल्या बाईलासुद्धा ऐकू येईल असा बेडकांचा गोंगाट, आणि पाय घातला रे घातला की चिकटणाऱ्या जळवा. असल्या घाणीचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झालाय का?

तुझं बाइंडिंगचं दुकान बरं चाललंय असं कळलं. वहिनीला माझे आशीर्वाद सांग. खळ शिजवून शिजवून तिचे हात भाजतात, तिला जरा विश्रांती दे. माया आहेच, वाढवून हवी असेल तर सही वेळेवर पाठव.

तुझी,
ताई


दि. ८ मार्च, हॉस्पिटल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आधी एक सांगते, जिवाला धोका नाही. हे वाचून मग पुढचं वाचा.

परवा दुपारी हे मशीनवर रजिस्टरांच्या कडा कापत होते. कागदाची एक पट्टी पात्याखाली अडकली. ती काढायला ह्यांनी हात घातला आणि त्याच वेळी पाय खटक्यावर पडला. डाव्या अंगठ्याचं वरचं पेर साफ सुटं झालं. हे डावखुरे, तुम्हाला ठाऊकच आहे. लिहिणं, टाके घालणं, पुठ्ठा घासणं, सगळं त्याच हाताने. मी खळ ढवळत होते. पुढचं मी कसं केलं ते मलाच आठवत नाही, पण तुटलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि समोरच्या मासळीवाल्याच्या बर्फात ठेवला. त्या भल्या माणसाने काय आहे ते विचारलंसुद्धा नाही. दुकान तसंच उघडं टाकून तो आमच्याबरोबर रिकामी गाडी शोधायला धावला.

डॉक्टरीणबाईंनी सात तास बसून तो तुकडा शिवला. तुम्ही शिवणातल्या म्हणून सांगते, दोरा केसाहून बारीक होता. रक्त आत नेणारी वाहिनी जुळली. बाहेर आणणाऱ्या शिरा मात्र इतक्या बारीक की एकही धरेना. त्यामुळे रक्त आत जातं आणि तिथेच साचतं. काल सकाळपासून अंगठा जांभळा पडून टम्म फुगलाय.

ह्यावर उपाय काय, तर जळवा. मला आधी वाटलं, डॉक्टरीणबाई माझं मन हलकं करायला थट्टा करताहेत. पण खरंच तसं आहे. जळू साचलेलं रक्त ओढते, आणि तिच्या लाळेत असं काही असतं की ती सुटल्यावरही जखम तासन्‌तास झिरपत राहते. असे पाच-सहा दिवस निभावले की अंगठा आपल्या नव्या शिरा स्वतःच तयार करतो. हॉस्पिटलात आठ जळवा होत्या. त्यातल्या तीनच लागल्या. बाकीच्या पाच जणी तोंड फिरवून बसल्या. जळवा पाळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे निरोप गेलाय, पण त्यांच्याकडेही हल्ली धडधाकट जळवा कमी असतात म्हणे. उद्या संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत तर पेर काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. ह्यांनी त्यांना एवढंच विचारलं, की अंगठ्याशिवाय बाइंडर कुणी पाहिलाय का.

तुमचं संमतीपत्र सहीवाचून तसंच राहिलं, रागावू नका. भावोजी वॉर्डाबाहेर बसलेत, त्यांच्याजवळ हे देते. आशीर्वाद नेहमी मागते ते रीत म्हणून. आज खरोखरच मागते आहे.

आपली,
भावजय


दि. ९ मार्च, सकाळी

सौ. वहिनीस,
अ. आ.

बरणी सरळ धर. झाकणाला दाभणाने भोकं पाडलीत, आडवी केलीस तर पाणी सांडेल.

जळवा हव्यात ना? घे! इतकी वर्षं आमच्या परसात फुकट राहिल्या, आता कामाला लागू देत. तुझं पत्र वाचलं आणि दिवस मावळायच्या आत मी डबक्यात उतरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. आमचे ड्रायव्हर बरणी घेऊन काठावर. चौसष्टाव्या वर्षी हे धंदे शोभतात का, असं ते विचारत होते. मी माझा चांगला कान पलीकडे फिरवला.

पहिली वीस मिनिटं एक येईल तर शपथ. आयुष्यभर नको तेव्हा चिकटल्या, आणि गरज पडली तर केवढा मानपान! मग मी पाय जरा ढवळले, तशा आल्या. अकरा जणी. मीठ टाकू दिलं नाही, नखाने एकेक सोडवली. दोन्ही पोटऱ्या अजून झिरपताहेत, गणवेशाच्या पट्ट्या बांधून मशीनवर बसलेय. म्हणजे तुझ्या डॉक्टरीणबाई लाळेबद्दल सांगतात ते अगदी खरं.

वहिनी, तू फडकं ओलं करून बर्फात ठेवलंस ते मला सुचलं नसतं. मी तुकडा हातात धरून आरडाओरडा करत बसले असते. त्याचं नशीब म्हणून तू तिथे होतीस.

खळ्याला एक सांग. तो चार वर्षांचा होईपर्यंत हाच अंगठा चोखायचा, आणि मी त्याला कडू औषध फासायचे. तेव्हा माझा फार रुबाब होता. त्या अंगठ्याची ताईने माफी मागितली आहे म्हणून सांग, आणि सोडून जायचं नाही म्हणावं.

बस सुटायची वेळ झाली. नीट जेव. तू पडलीस तर त्याला कोण बघेल?

तुझी,
वन्सं


दि. १२ मार्च, हॉस्पिटल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अंगठा गुलाबी झाला! हे पहिलं लिहून टाकते, कारण त्याशिवाय तुम्ही बाकीचं वाचणारच नाही. काल दुपारी डॉक्टरीणबाईंनी नख दाबून सोडलं आणि रंग परत आला. मी वॉर्डात सगळ्यांदेखत रडले. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला स्वतःची चादर डोळे पुसायला दिली.

आता तुमच्या बरणीचं. भावोजींनी ती आपल्या सीटपाशी ठेवली होती, तरी वाटेत एकीने झाकणाच्या भोकातून बाहेर पडायचा मार्ग काढलाच. अर्धी बस बाकांवर चढून उभी राहिली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी तिला रुमालात उचलून परत बरणीत टाकलं आणि बाकीच्यांना चांगलंच झापलं. अकराच्या अकरा पोचल्या.

पण वन्सं, त्या लावल्या नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. एक तर उघड्या पाण्यातल्या जळवा जखमेला लावत नाहीत, कुठले जंतू आणतील सांगता येत नाही. आणि दुसरं, त्या आधीच जेवून आल्या होत्या. तुमच्या पोटऱ्यांवर! एकदा पोटभर झालं की जळू सहा-सहा महिने कशाला तोंड लावत नाही. हे सांगताना डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, आणि चार दिवसांत हे पहिल्यांदा हसले. तेवढ्यासाठी तरी बरणी आली ते बरं झालं.

त्याच संध्याकाळी जळवावाल्या बाई आल्या. काटकुळ्या, गुडघ्यापर्यंत बूट, आणि बोलणं इतकं हळू की तुम्हाला एक अक्षर ऐकू आलं नसतं. होत्या नव्हत्या तेवढ्या चांगल्या जळवा त्यांनी ओल्या शेवाळात घालून आणल्या. त्यांच्यामुळेच अंगठा वाचला. निघताना त्यांना तुमची बरणी दिसली. उजेडाकडे धरून त्यांनी त्या जळवांच्या पाठीवरचे नारिंगी पट्टे पाहिले आणि मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्याकडच्या सगळ्या जळवा एकोणीस वर्षांपूर्वी आणलेल्या सहा जणींच्या पोटच्या. घरातल्या घरात सोयरिकी होऊन घराणं खंगलंय. पिल्लं कमी होतात, झाली तर अशी तोंड फिरवणारी निघतात. बाहेरचं नवं रक्त मिळावं म्हणून त्या तीन वर्षं हिंडताहेत. ज्या तळ्यांतून पहिल्या सहा आणल्या, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. ह्या जातीची एकही जळू त्यांना कुठे सापडली नव्हती, ती आमच्या वन्संच्या बरणीत सापडली.

अकरा जणी त्यांनी नेल्या. तळं बघायला यायचं म्हणतात. मी हो म्हटलं आणि मग मला पंधरा तारखेचे ट्रक आठवले. घर तुमचं, निर्णय तुमचा, पण ट्रक थोडे थांबवता येतील का?

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
भावजय


दि. २१ मार्च

चि. खळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला जड जातंय, तरी लिहिते. ट्रकवाला अकरा तारखेलाच आला. दुसरीकडचं काम सुटलं होतं म्हणे, म्हणून माती घेऊन दारात हजर. तुझी सही नव्हती. तरी मी एक ट्रक ओतू दिला. मला वाटलं, हव्या होत्या त्या अकरा काढून दिल्या, आता डबक्याचं काय काम? दुसऱ्या दिवशी वहिनीचं पत्र आलं. ते वाचून मी ट्रकवाल्याला निरोप धाडला, पण पहिल्या ट्रकाची माती काठावर पडून गेली होती.

सोळा तारखेला तुमच्या जळवावाल्या बाई आल्या. मी त्यांना कागद-पेन्सिल दिली, म्हणजे ऐकायचा प्रश्न मिटला. त्यांनी पहिल्यांदा त्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. लिहून दाखवलं की जळवा अंडी घालतात ती काठाच्या ओल्या मातीत, नेमकी ह्याच बाजूला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी दिवसभर मला माझंच परस दाखवलं. जळवेच्या पिल्लांना माणसाचं रक्त पचत नाही, त्यांना आधी बेडूक लागतो. बेडकाला किडे लागतात, अंडी घालायला पाणवनस्पती लागतात, दडायला दगड लागतात. एकटी जळू उचलून जपता येत नाही, सगळं गणगोत शाबूत लागतं. अकरा जणी नेल्या म्हणून भागलं नाही. काही वर्षांनी पुन्हा ह्याच दारात यावं लागणार. शिवाय जळवेच्या लाळेत काय काय औषधी आहे याचा पुरता शोध अजून कुणाला लागलेला नाही, असंही त्यांनी लिहिलं. आणि डास? तळ्यातले मासे आणि चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात. डास होत होते ते न्हाणीमागच्या माझ्या फुटक्या बादल्यांत! कागदावर त्यांनी बादलीचं चित्र काढून दाखवलं.

त्यानंतर चार दिवस आम्ही माती काढली. मी, आमचे ड्रायव्हर आणि शेजारचे दोघे भाऊ, घमेली भरभरून. ड्रायव्हरांनी रजा घेतली आणि जन्मात पहिल्यांदा मला एक शब्दही टोचून बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी, अगदी तळाशी, बाईंना स्पंजासारखे दोन कोष सापडले. दबलेले, पण जिवंत. मी घमेलं पालथं घालून त्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले.

माझ्या भावाचा अंगठा असल्याच कुठल्या तरी तळ्याने वाचवला, आणि मी त्याच्यावर माती लोटत होते. चुकले रे. आता तळं राहू दे. शेडचं बघू काय करायचं ते.

माया कर, आधीच्यापेक्षा जरा जास्त कर.

तुझी,
ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

अक्षर बघून घाबरू नकोस. उजव्या हाताने लिहितोय, आणि हा हात अजून पहिलीत आहे.

मातीचं मनातून काढून टाक. घातलीस तशी काढलीस, झालं. सही करायला मीही निघालोच होतो. तुझं संमतीपत्र दुकानात पडून होतं, ते मी एका जाड वहीच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवलं. आता ते शोधायचं तर वही फाडावी लागेल. समोरच्या अंगणात शेड घाल, त्याची सही कधीही देतो.

हॉस्पिटलात मला एकूण तेवीस जळवा लागल्या. वेळ जात नव्हता म्हणून मी त्यांना नावं ठेवली. सगळ्यात हावरी होती तिचं नाव ताई. एकदा नर्सबाईंनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की ताईंचं पोट भरलंय आणि ताई खाटेखाली पडल्यात. बायको हसून बेजार झाली. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. काम झालं की त्यांना स्पिरिटमध्ये टाकतात. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून तसं करावंच लागतं. मी प्रत्येकीला मनातून नमस्कार केला. तेवीस जणींचे उपकार आणि फेडायला समोर एकही नाही. म्हणून तू तळं ठेवलंस याचं मला किती बरं वाटलं ते उजव्या हाताला लिहिता येणार नाही.

आता माझं. अंगठा उबदार आहे, नखही वाढतंय. पण त्याला काही कळत नाही. सुई टोचली तर शेजाऱ्याला टोचल्यासारखं वाटतं. बाइंडरचं निम्मं काम अंगठ्याच्या पोटावर असतं, ताई. खळ ओली की सुकली, टाका ताठ बसला की सैल, हे डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की नस फार सावकाश वाढते. सहा महिने वाट बघा, संवेदना आली तर आली, नाहीतर आहे त्यात भागवा. दुकान उघडलंय. बायको कापते, शिवते, चिकटवते. मी पानं मोजतो. तिच्यासमोर विनोद करतो, तुला खरं सांगतो, भीती वाटते.

लोभ तुझा आहेच, त्यात थोडा धीर मिसळून पाठव.

तुझा,
खळ्या


दि. १८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

तू गणवेश पोचवायला गेलीस आणि मी इकडे आलो. ही चिठ्ठी तुझ्या मशीनवर ठेवून भावोजींच्या परतीच्या बसने निघतो. उद्या एका शाळेची दीडशे रजिस्टरं द्यायची आहेत, नाहीतर थांबलो असतो.

जळवावाल्या बाईंबरोबर आलो होतो. त्यांना तळ्यातून आणखी चार-पाच जणी न्यायच्या होत्या, मी जाळं धरायला. तुझ्या अकरा जणींची पिल्लं शंभराच्या वर गेलीत. हॉस्पिटलच्या कामाची व्हायला अजून वर्षभर लागेल, पण त्यांतली एकही तोंड फिरवणारी नाही. हे सांगताना बाईंचा आवाज चक्क मोठा झाला. तुलासुद्धा ऐकू आला असता.

काम झालं, जाळं धुवायला म्हणून मी काठावर बसलो आणि दोन्ही हात पाण्यात घातले. उजव्याला पाणी गार लागलं. आणि ताई, डाव्यालाही लागलं. अंगठ्यालासुद्धा! आधी मला वाटलं मनाचे खेळ आहेत. हात बाहेर काढला, उन्हात धरला, डोळे मिटून पुन्हा घातला. गार. नुसतं गार नाही, इतकं गार की अंगठ्यातून कळ उठली, पार मनगटापर्यंत दुखलं. मी आई गं म्हणून ओरडलो. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही चावलं. मी त्यांना सांगत होतो की दुखतंय, दुखतंय, आणि लहान मुलासारखा हसत होतो. त्या बिचाऱ्या माझ्याशेजारी चिखलात बसून राहिल्या. किती वेळ मी हात काढायलाच तयार नव्हतो.

मग तुझ्या टेबलावरचं कापड चाचपून पाहिलं. अंगठ्याला धागा लागला, पुसट, पण लागला. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. हे तुला आधी सांगायचं होतं.

अक्षर बघितलंस ना? डाव्या हाताचं आहे. फार वेळ लिहिता येत नाही, ठणकतं. ठणकू दे.

तुझा,
खळ्या